पातेल्याखालचं तळं

मॉसन लेक्स या परदेशातल्या उपनगरात एका घरात आम्ही पाच स्टुडंट राहायचो, आणि जेवायचं एकुलतं टेबल एकाच्या नकाशाने अडवलेलं असायचं. युनीच्या असाइनमेंटसाठी तो एक काल्पनिक देश हाताने रंगवत होता. कागद जुना दिसावा म्हणून चहाचं पाणी फासायचा आणि ब्रश ओठांत धरून पुटपुटायचा, “इथे गाव नको, म्हाताऱ्यांना चढ झेपणार नाही.” मला हसू यायचं, चीडही यायची.

सबमिशनच्या सकाळी, शिफ्टच्या घाईत, मी वरणाचं पातेलं नेमकं नकाशावर टेकवलं. उचललं तर डोंगरांच्या पायथ्याशी हळदीचं पिवळं कडं!

त्याने ते वाकून न्याहाळलं, मग ब्रश निळ्या रंगात बुडवला.

“बरं झालं गं,” तो म्हणाला. “एवढी गावं वसवली, पण लोकांना प्यायला पाणीच नव्हतं.”