कमळमावशीचं नाक आणि बाकीच्यांची तोंडं

हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूममध्ये अठरा वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. लोक म्हणतात, सिस्टर, तुम्ही फार चिडता. चिडू नको तर काय करू? एकट्या कमळमावशीचंच ऐका.

मावशी बाळकुमची कोळीण, मासळी विकते. चेहऱ्यातल्या भयंकर कळा थांबाव्यात म्हणून डॉक्टरांनी तिची नस जाळली. कळा गेल्या, पण अर्धा चेहरा बधिर झाला. तिथे नुसत्या मुंग्या येतात. मग बोट आपसूक नाकाला जातं, खाजवतं, रक्त येतं, आणि हिला पत्ताच नाही! नाकपुडीच्या कडेला जखम पडली, ती वर्षभर भरेना. अशीच वाढली तर नाकपुडीच जाणार.

*

मुलगा म्हणाला, "दुखत नाही म्हणते ना? मग घाई काय?"

अरे शहाण्या, दुखत नाही हाच तर रोग आहे! दुखलं असतं तर हात लावला असता का तिने?

*

शेजारीण म्हणाली, हा महारोग. झालं! सुनेने मावशीचं ताट वेगळं केलं. आणि महारोग असता तरी ताटातून पसरतो का गं? डॉक्टरांनी जखमेचा तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट आला, तसलं काही नाही. मी तो सुनेला मोठ्याने वाचून दाखवला.

"हो, पण आता वेगळं केलंच आहे तर राहू दे ना!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

*

नखं कापली, झोपताना हातमोजे, मुंग्यांवर गोळ्या. तरी दर सोमवारी ताजं रक्त! एकदा अशीच मावशीवर ओरडले, "आरशात बघत नाही का?"

"आरसा कुठं हाय? मना वाईट वाटंल म्हनून पोरानं घरातलं सगलं आरसं काढलं."

म्हणजे लागलेलं कळत नाही, केलेलं दिसत नाही, आणि मी सहा महिने हिलाच झापतेय! स्वतःचाच एवढा राग आला. ड्रेसिंग रूमच्या भिंतीवरचा आरसा काढला आणि तिच्या पिशवीत कोंबला. "समोर ठेवायचा. हात वर गेला की दिसला पाहिजे!"

*

परवा तिच्याकडे मांदेली घ्यायला गेलेले. पाटीपुढे खोक्यावर आरसा उभा. जखमेच्या कडेने नवी कातडी धरलेली. माझ्यासमोर मावशीचा हात वर निघाला, आरशात दिसला, आणि मुकाट खाली आला. मला रडूच फुटणार होतं.

तेवढ्यात शेजारी उभी एक गिऱ्हाईक बाई मला म्हणते, "हिच्याकडून नका हो घेऊ. नाक बघितलंत का?"

मी तोंड उघडणार, त्याआधी मावशीने आरसा उचलला आणि त्या बाईच्या तोंडासमोर धरला.

"घे बाय. पयलं तुजं बघ."