टाचणी जेवढं बोलला

पडदा वर जातो तेव्हा दिसते आमच्या नाटक कंपनीची कपड्यांची खोली. खुंट्यांवर राजाचे अंगरखे आणि भिकाऱ्याची लक्तरं शेजारीशेजारी. खिडकीपाशी शिलाई मशीन आणि त्यावर वाकलेला विशीतला पोरगा. तोंडात सदानकदा टाचण्या, म्हणून त्याला सगळे टाचणी म्हणायचे.

पाच वर्षं त्यानं माझे कपडे शिवले. मापं घेताना मी कितीही बडबडले तरी उत्तर एकच, "हं." एकदा मात्र टाचण्या काढून म्हणाला, "बाई, तुम्ही जाड नाही झालात. कापड आटलंय." असा भला पोर.

युद्ध सुरू झालं, बोलावणं आलं, तो गेला. सात महिन्यांनी तो कामी आल्याचं पत्र आलं. सोबत त्याच्या तुकडीतल्या एका मित्रानं लिहून पाठवलेले अखेरचे शब्द: 'आईला सांगा, तिचे पांग फेडून मी समाधानानं जातो आहे. माझ्यासाठी कुणी अश्रू ढाळू नयेत.'

त्याची आई ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. डोळे कोरडे.

"बाई, हे माझं पोर नाही."

"म्हणजे?"

"एवढं लांबलचक तो जन्मात बोलला नाही. दुसऱ्याच कुणाचं मरण माझ्या दारात आणून टाकलंय यांनी."

मी तिची समजूत घालायला हवी होती. पण रंगमंचावर मी शेकडो वेळा मेलेय. टाळीचं वाक्य मला लांबून ओळखू येतं. माझ्याही मनात पाल चुकचुकली.

लढाई थांबल्यावर त्या मित्राचा ठावठिकाणा काढला. तो एका छापखान्यात पुस्तकं बांधायचा. आम्ही दोघी गेलो. त्यानं स्टुलं पुसून दिली, पण नजर खळीच्या डब्यातून वर येईना. आईनं उलटतपासणी मांडली.

"त्याच्या डाव्या अंगठ्याला काय होतं?"

"सुई आरपार गेल्याचा व्रण."

"झोपेत काय करायचा?"

"दात खायचा. आम्ही उशी फेकून मारायचो."

सगळं बरोबर. तरी ती माझ्या कानाशी पुटपुटली, "घोकून बसलाय मेला." मग पत्र त्याच्यापुढे धरलं. "हे तो बोलला?"

"हो, मावशी."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग."

त्यानं ब्रश उचलून खळीत बुडवला.

मी म्हटलं, "बाळा, असली भाषणं मी तीस वर्षं पाठ केलीत. खरं सांग. तो येईल म्हणून ही अजून दार नुसतं लोटून ठेवते."

त्यानं हातातला ब्रश खाली ठेवला. "सगळ्यांच्याच घरी तसं लिहायचो, मावशी. खरं लिहायची लाज वाटली. फार साधं होतं ते. त्याला पोटात गोळी लागली होती. चार पोरं भोवती उभी होती. त्याला जरा मोकळं वाटावं म्हणून मी बुटाची नाडी सोडायला लागलो, तर त्यानं माझा हात धरला."

पुढचं तो इतकं हळू बोलला की आम्ही दोघी पुढे वाकलो. आईनं ऐकलं, पदर तोंडाला लावला आणि त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा रडली. "माझाच गं," म्हणाली, "माझाच तो."

टाचणी म्हणाला होता, "बूट राहू दे. मोजा फाटलाय."