आमचे आबा, निवेदक क्रमांक सात

परत तेच सांगतो मंडळी, माणसाची गोष्ट छापायची आणि त्याचं नाव गाळायचं, ही कुठली रीत? मागच्या वेळी तुमच्यातले निम्मे त्या पुस्तकवाल्या सरांच्या बाजूनं बोलले. आता आजचं ऐका.

आबांनी सांगितलेली डोहातल्या आसरांची, म्हणजे पाण्यातल्या देवतांची, गोष्ट कॉलेजच्या सरांनी पुस्तकात छापली. खाली लिहिलंय, "निवेदक क्रमांक सात, वेल्हे तालुका." तेव्हापासून बाजारात लोक आबांना हाक मारतात, "काय सात नंबर, च्या घेनार का?"

मी इथं सुरतेत कामाला; आज जेवणाच्या सुट्टीत सरांना फोन लावला. लई तावात होतो. सर म्हणाले, "अरे, गोष्ट छापायच्या संमतीच्या फॉर्मवर 'नाव गुप्त ठेवावे' इथं खूण आहे. फॉर्म कुणी भरला होता?"

मीच भरला होता. आठवीपर्यंत शिकलेला घरात मीच एकटा. नाव-गाव दिलं तर कागद तहसिलीत जाईल, जमिनीचं काही लफडं होईल, या भीतीनं केली खूण.

"सर, आता घाला ना नाव."

"छापून झालं रे. पुढची आवृत्ती निघाली तर बघू. पण असली पुस्तकं घेतं कोण?"

मग आबांना फोन करून खरं सांगितलं. आबा म्हणाले,

"आसू दे रं. पन त्ये पुस्तक मागवून घे. येईल त्याला दावीन, ह्यो सात नंबर म्हंजी मीच. हाय तवर सांगीन."

त्यानंतर कुणाला कसं कळायचं, तुम्हाला सुचत असेल तर सांगा. मला तरी सुचत न्हाई. सरांना पुस्तकाचे पैसे आत्ताच पाठवतोय, साडेआठशे रुपये.