मोजणी चालू असताना

बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी आज कुरिअरने मेमरीची नवी पट्टी आली. त्या मशीनचे भाग बनणं कधीच बंद झालंय, पण अशी मशिनं जपणाऱ्या कुणीतरी ही पट्टी नव्याने बनवली आहे. कोवळ्या पानासारखी हिरवी. बाबांनी ती बसवली, बटण दाबलं आणि स्टूल ओढून समोर बसले. मी दाराशी उभी होते. मला बंगळूरला नोकरी लागली आहे, हे त्यांना सांगायचं होतं.

काळ्या पडद्यावर मशीन आपली मेमरी मोजू लागलं. आकडा सावकाश चढायचा, मध्येच थबकायचा.

"अडकलं वाटतं तुमचं लाडकं," आई आतून म्हणाली.

"अडकलं नाही गं. मोजू दे त्याला, त्याच्या गतीने."

बाबांचा इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता. बोलताना मीही अशीच थबकते. शाळा इंग्रजी, घर मराठी. शब्द येतो, पण वेळ लागतो. तेवढ्यात बाबा माझं वाक्य पुरं करून टाकतात, बहुतेक वेळा चुकीचं. त्या पिवळट पडलेल्या डब्याचा मला हेवा वाटला. मेमरी त्याने हवी तेवढी घ्यावी; ते स्टूल मला माझ्यासमोर हवं होतं.

"बाबा, मला..."

"चहा ना? ठेव. मलाही अर्धा कप."

मी चहा करून आणला. आकडा अजून चढत होता, आणि बाबा अजून वाट बघत होते.