रंग सांग
भट्टीत आकडी खुपसून मावशी तोंड दुसरीकडे वळवायच्या आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "रंग सांग."

पंचवटीतल्या भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत तुम्ही कधी विळीला धार लावायला गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, दंडावर भाजल्याचे जुने डाग आणि हातात घण. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. नवरा गेल्यावर लोहारकाम त्यांनी एकटीनं चालवलं होतं. नांदगावकडच्या होत्या, बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

मी सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. जन्मभर तिथल्या भट्ट्यांचं तापमान वहीत लिहिलं. निवृत्तीनंतर मोबाइलवर परदेशी लोक सुऱ्या घडवतात ते बघायचा नाद लागला. शेवटी बायको म्हणाली, "बघत काय बसता, जाऊन शिका. निदान घराबाहेर तरी पडाल." म्हणून मावशींकडे गेलो.

"मला सुरी बनवायला शिकवाल का?"

"कुणाला मारायचंय?"

"कुणालाच नाही. हौस आहे."

"मग घाई नाय. आधी आग शिक."

तीन आठवडे त्यांनी मला लोखंडाला हात लावू दिला नाही. हातात दिल्या चार वस्तू. कोळसा ओढायला वाकड्या टोकाची आकडी, कोळसा घालायला लहान फावडी, बुडाला भोकं पाडलेला पाण्याचा डबा आणि हातानं फिरवायचा पंखा. पंख्याच्या नळीत एक पत्र्याची झडप होती. ती ओढली की वारा कमी, ढकलली की जास्त. मला वाटलं, यात शिकण्यासारखं काय आहे? पहिल्याच दिवशी मी जोरजोरात पंखा फिरवला आणि आग परातीएवढी पसरली.

"सोयपाक करायचाय का गावजेवणाचा?" मावशी म्हणाल्या. "विळा केवढा, आग केवढी? कडेनं पाणी शिंपड. आग मधीच राह्यली पायजे."

मी डबा हलवला, तर पाणी बरोबर मधोमध पडलं. वाफेचा लोट उठला आणि माझ्या चष्म्यावर राखेचा लेप बसला. मावशींनी नुसत्या आवाजावरून ओळखलं. "विझवलीस ना? पेटव परत."

आगीच्या तळाशी कोळशातली माती वितळून तिचा दगडासारखा गोळा होतो. त्याला खंगर म्हणतात. तो वारा अडवतो. मावशी आकडीनं चाचपून तो एका झटक्यात बाहेर काढायच्या. मी काढायला गेलो की खंगर जागेवर राहायचा आणि निखारे माझ्या चपलेत यायचे. माझ्या बनियनला इतकी भोकं पडली की बायकोनं त्याचा पोहे चाळायला उपयोग होईल असं जाहीर केलं.

मग माझ्या डोक्यात सुधारणेची कल्पना आली. घरातला जुना व्हॅक्युम क्लीनर उलटा जोडला तर पंखा फिरवायची कटकट नाही. मावशी दुकानाच्या आत काहीतरी शोधत होत्या, तेवढ्यात मी तो नळीला लावून बटण दाबलं. झडप बंद करायला विसरलो. भट्टीतली सगळी भुकटी आकाशात गेली आणि सावकाश, समोरच्या भाजीवाल्याच्या फ्लॉवरच्या ढिगावर उतरली.

भाजीवाला काळ्या ढिगाकडे बघत म्हणाला, "साहेब, आता हे वांगी म्हणून विकू का?"

मावशी ऐरणीला धरून हसल्या. आमच्या घरी आठवडाभर फ्लॉवरची भाजी होती.

रंगांची नावंही त्यांनी त्या बाजारातूनच घेतली होती. तापणारं लोखंड आधी डाळिंब, मग टोमॅटो, मग गाजर. गाजरावर बाहेर काढून घण मारायचा. लिंबू दिसलं तर उशीर झाला, पोलाद जळालं. मी कारखान्यातल्या सवयीनं तापमान मोजायचं पिस्तूल नेलं होतं. त्यांनी "रंग सांग" म्हटलं की मी सांगायचो, "नऊशे वीस."

"मला भाव नको, पोरा. रंग सांग."

पोरा! मी साठीचा माणूस. पण माझा आवाज पहिल्यापासून पातळ आहे. अजूनही फोनवर लोक मला "बाळा, बाबांना दे" म्हणतात. मावशी "पोरा" म्हणायच्या ते गमतीनं, असं मी धरून चाललो. शिवाय मला कित्येक वर्षांत कुणी पोरा म्हटलं नव्हतं. ते बरं वाटायचं.

भातकापणी तोंडावर आली तशी घोटीच्या एका व्यापाऱ्याची विळ्यांची मोठी मागणी आली. आम्ही रोज सकाळपासून भट्टीला बसायचो. मी आग सांभाळायचो आणि रंग सांगायचो, मावशी घडवायच्या. एका दुपारी मी हात धुवायला नळावर गेलो. शेजारी एक रिक्षावाला हॉर्न दाबून बसला होता, दुसरं काही ऐकू येत नव्हतं. परत येऊन बघतो तर भट्टीतल्या विळ्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडत होत्या. पोलाद जळून गळत होतं. आणि मावशी हातात सांडस घेऊन त्याच्या समोर शांत उभ्या होत्या.

हॉर्न थांबला, तशा पावलांच्या आवाजानं त्या वळल्या. "आलास का? रंग सांग."

मी विळा बाहेर ओढला. मग विचारलं, "मावशी, मी आज कोणता शर्ट घातलाय?"

"धुतलेला."

"रंग सांगा."

त्यांनी सांडस खाली ठेवली. पंख्याच्या दांड्यावरून हात फिरवला. "आग म्हंजी नुसता पांढरा गोळा दिसतो," त्या म्हणाल्या. "वरीस झालं. वाजलं की कळतं, आच लागली की कळतं. रंग तेवढा कळत नाय. तू आलास तवा म्हटलं, देवानं डोळे धाडले."

"मोतीबिंदू असेल. ऑपरेशन करून घ्या."

"डोळ्याला सुरी लावत्यात. जन्मभर सुऱ्या केल्यात मी. मला म्हाईत हाय सुरी काय असती." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "कुणाला सांगू नको. लोहारणीला दिसत नाय म्हटल्यावर कोण विळा घेईल?"

इतके दिवस जिला मी शिकवणी समजत होतो, ती त्यांची गरज होती. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी गेलो. मात्र अट घातली. विळे पूर्ण झाले की दवाखाना, नाहीतर उद्यापासून रंग सांगणार नाही.

"धमकी देतो का?"

"हो."

"बरं," मावशी म्हणाल्या. "खंगर काढ आधी."

विळे गेले आणि बायको व मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर समजावत होते, तर मावशींनी एकच प्रश्न विचारला. "धार कुणी लावली?"

"कंपनीतूनच येते, आजी."

"कंपनीची धार लय बघितली मी." तरी त्या उठल्या. बायकोचा हात इतका घट्ट धरला होता की तिची एक बांगडी वाकली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मावशींनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग माझ्याकडे. माझ्यावर नजर थांबली.

"हे बाबा कोण?"

"मावशी, मीच."

"तू?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "अरे देवा! डोईवर एक काळा केस नाय! मी अख्खा हंगाम याला पोरा म्हणत व्हते. अहो, माफ करा हो मला."

तेव्हापासून त्या मला अहो-जाहो करू लागल्या. किती सांगितलं तरी ऐकलं नाही. डॉक्टरांना सांगून उलटं करून घेता येईल का, असंही एकदा माझ्या मनात येऊन गेलं.

महिनाभर आगीजवळ जायला बंदी होती. त्या काळा चष्मा लावून बाहेर खुर्चीवर बसायच्या आणि मी केलेला एकेक खिळा डोळ्यांजवळ नेऊन पुष्कळ वेळ बघायच्या. "चांगला हाय," म्हणायच्या, "फक्त खिळा वाटत नाय." महिना संपला त्या दिवशी स्वतः भट्टी पेटवली. नुसतं बघत बसल्या. काम काहीच केलं नाही.

पुढं दोन वर्षं त्यांनी भट्टी चालवली. मग जागामालकाला तिथे गाळे बांधायचे होते. मावशींनी नांदगावला बहिणीकडे जायचं ठरवलं. टेम्पो आला तेव्हा भट्टी पेटलेलीच होती. मी पाण्याची बादली उचलली.

"ठेवा ती," त्या म्हणाल्या. "एकदम पाणी टाकलं की भट्टीला तडा जातो."

"मावशी, उद्या पाडणारच आहेत ना?"

"म्हणून आज मी तडा घालू?"

त्यांनी आकडीनं एकेक निखारा बाजूला ओढला, लांब लांब ठेवला, वर राख पसरली. मग टेम्पोत पुढं बसल्या. चालकानं कुठून वळायचं यावर त्याच्याशी लगेच वाद सुरू झाला, त्यामुळे माझ्याकडे बघायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर आले. मुकादमानं भट्टीच्या कडेवर हात टेकवला आणि चटकन मागे घेतला.

"गरम आहे हो अजून," तो म्हणाला. "थांबू जरा." आणि सगळे चहाला गेले. मी तिथेच उभा राहिलो.