पेटीवरचे व्यंकोजीराव

व्यंकोजीराव सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाले, पण उष्णतेचा पिच्छा काही त्यांनी सोडला नाही. भट्ट्यांमधून किती उष्णता निसटते ते जन्मभर मोजलेला माणूस. फ्रिज उघडून कोणी विचार करत उभं राहिलं की त्यांचा जीव कासावीस होई. पाहुण्यांनी चहा गार केला तर ते पाहुण्यांनाही सोडत नसत. त्यामुळे अख्ख्या बंगळुरात त्यांच्याच घरी लोक तोंड भाजून घेत चहा पीत.

मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात मसालेभात दरवर्षी कमलाबाईंचा, म्हणजे रावांच्या पत्नीचा. लोक भाषणं सोसत ती त्या भातासाठी. यंदा रावांनी त्यात उडी घेतली. भाताला एक उकळी आणायची, गॅस बंद करायचा आणि पातेलं आतून थर्माकोल लावलेल्या लाकडी पेटीत ठेवायचं. उष्णतेला पळायला वाट नाही, मग ती भात शिजवण्यावाचून करते काय? मंडळाचे सेक्रेटरी हणमंतराव यांना त्यांनी बायकोला न विचारता शब्दही देऊन टाकला. बाईंचं तोंड उतरलं. भात कच्चा राहिला तर नाव त्यांचं जाणार होतं.

घरी चाचणी झाली. भात कच्चा. चिकपेटेच्या बाजारातून आणखी जाड थर्माकोल आणला, वर गोधडी कोंबली. तरी कच्चाच. रावांनी गणित पुन्हा तपासलं, ते बरोबर होतं. फक्त थर्मामीटर घेऊन ते घडीघडी झाकण उघडत, आणि पारा उतरलेला दिसला की काळजीनं आणखी लवकर उघडत. बाईंनी सांगून पाहिलं. मोजल्याशिवाय कळणार कसं, असं त्यांनी उलट बाईंनाच विचारलं.

संमेलनाच्या सकाळी सभागृहात पातेलं पेटीत गेलं. रावांचा हात थर्मामीटरसाठी खिशाकडे वळताच बाई म्हणाल्या, "अहो, झाकण स्वल्प हलतंय. वर वजन पाहिजे. तुम्हीच बसा."

रावांना हे अगदी शास्त्रीय वाटलं. ते बसले. उठलं की वजन जाणार, म्हणून उठता येईना. दीपप्रज्वलनाची हाक आली, त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. अध्यक्षांना हार घालायचा मान त्यांचा होता. शेवटी अध्यक्षच पेटीपर्यंत चालत आले आणि वाकले.

जेवणाच्या वेळी झाकण निघालं. वाफेचा लोट उठला, शीत न् शीत मोकळं. बाईंना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि त्यांनी खापर वाफेवर फोडलं.

हणमंतराव कौतुकानं जवळ आले. "अण्णा, आत तापमान किती टिकलं होतं?"

राव गडबडले. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कधी अडला नव्हता.

"ठाऊक नाही," ते म्हणाले, आणि बायकोकडे बघत ओशाळं हसले. "हिनं मला उठूच दिलं नाही."