न दुखणारा पाय

“उद्या सकाळची पहिली केस हीच घेऊ. चीर देऊन पू काढून टाकायचा,” डॉ. हेगडे म्हणाले आणि हात धुवायला वळले.

“सर, आत पू असेल असं मला वाटत नाही,” मी म्हणाले.

हेगडे आमच्या राजाजीनगरच्या हॉस्पिटलमधले सीनियर सर्जन. मी तिथली पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायाच्या पंजाची आणि घोट्याची डॉक्टर. हा शब्द ऐकून काही लोक मला पीडियाट्रिशियन, म्हणजे मुलांची डॉक्टर समजतात आणि नातवंडांना ताप आला की माझ्याकडे घेऊन येतात. एरवी माझं काम फार नाट्यमय नसतं. कुरूप, टाचांच्या भेगा, बोटात रुतलेलं नख, आणि मारतहळ्ळीहून येणारे, नवीन शूज घालून एकदम मॅरेथॉनची प्रॅक्टिस सुरू केलेले आयटीवाले.

बेडवर होत्या मंगला पाटील. मूळच्या निपाणीच्या, लग्नानंतर बंगळुरात आलेल्या, एका शाळेत पीटी टीचर. शाळेत आणि गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. डावा पाय घोट्याखाली लालबुंद, सुजून चप्पल न मावणारा. बाहेरच्या एका डॉक्टरांनी इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक दिलं होतं. फरक नव्हता.

“अक्का, ताप?”

“नाही ओ.”

“पायाला जखम? काही टोचलं, भाजलं?”

“काहीच नाही की. दुखत पण नाही बघा. स्वल्प सूज आहे, तेवढंच. ह्यांनीच ओढून आणलंय मला.” ‘हे’ म्हणजे खुर्चीत बसलेले त्यांचे मिस्टर, पाटीलअण्णा.

मी दोन्ही पायांवर हाताची मागची बाजू टेकवली. उजवा गार, डावा चांगलाच गरम. इतका गरम, सुजलेला पाय, आणि बाई मजेत बोलतेय. मला खटकलं ते हेच. अक्कांना मधुमेह होता, बऱ्याच वर्षांचा.

मी डावा पाय उशांवर उंच ठेवला आणि हेगडेंना थोडं थांबायची विनंती केली. ते घड्याळाकडे बघत थांबले. पू झालेल्या पायाची लाली पाय वर केला तरी सहसा तशीच राहते. इथे ती हळूहळू उतरत गेली आणि त्वचा बरीचशी नेहमीच्या रंगावर आली. हेगडेंनी स्वतः वाकून पाहिलं.

“एक्सरे?”

“नॉर्मल आहे सर. सुरुवातीला नॉर्मलच येतो. एमआरआय करू या.”

“सरी, ठीक आहे. एमआरआय येईपर्यंत ऑपरेशन होल्डवर. पण रिपोर्टमध्ये पू दिसला तर मी थांबणार नाही.”

रिपोर्टमध्ये पू नव्हता. पंजाच्या मधल्या हाडांना आतून सूज होती आणि एका हाडाला केसाएवढी चीर. ऑपरेशन रद्द झालं. या आजाराला शार्को फूट म्हणतात. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होत जातात. चालताना एखादं हाड बारीकसं तडकतं. दुखत नाही, म्हणून माणूस चालतच राहतो. पाय सुजतो, आतली हाडं मऊ पडतात आणि अंगाच्या भाराने पायाची कमान खचते. मग तळव्याला टेंगूळ येतं, त्यावर जखम होते, आणि पुढे कधीकधी पाय कापायची वेळ येते. इलाज एकच: गुडघ्यापर्यंत प्लास्टर, आणि पायावर भार द्यायचा नाही. काही महिने.

“महिने?” अक्का उठूनच बसल्या. “इंटरस्कूल थ्रोबॉलची मॅच आलीय तोंडावर. माझ्या पोरी पहिल्यांदा फायनलला गेल्यात. दुखत नाही त्या पायाला प्लास्टर कशाला ओ? दुखलं की येते मी.”

समजावून उपयोग नव्हता. मी खणातून नायलॉनचा एक जाडसर तंतू काढला. आमचं सर्वात साधं उपकरण. त्याचं टोक तळव्यावर वाकेपर्यंत दाबायचं आणि पेशंटला विचारायचं, कळतंय का. मी तो आधी त्यांच्या कपाळावर टेकवून दाखवला.

“असं वाटलं की ‘हो’ म्हणा. आता डोळे मिटा.”

अक्कांनी डोळे मिटले. मी अंगठ्यापासून सुरुवात केली. मग बाकीची बोटं, चवडा, तळव्याची कड, टाच. नंतर उजवा पाय. अक्का शांत बसून होत्या.

“करा की सुरू, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “किती वेळ डोळे मिटून बसू?”

मी अण्णांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठून बेडपाशी आले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

“मंगल,” ते म्हणाले, “झालं त्यांचं. दोन्ही पाय झाले.”

अक्कांनी डोळे उघडले. माझ्या हातातल्या तंतूकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. “खरं?” त्यांनी नवऱ्याला विचारलं. अण्णांनी होकारार्थी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, “घाला काय घालायचंय ते.”

प्लास्टर घातलं. सूज उतरली की प्लास्टर सैल पडतं आणि आत घासतं, त्यामुळे ते वरचेवर बदलावं लागतं. दर वेळी मी दोन्ही पायांचं तापमान मोजायचे. दोघांतला फरक कमी होत होता. मग एका भेटीत तो पुन्हा वाढलेला दिसला. प्लास्टरचा तळ झिजला होता आणि त्यात लाल माती बसली होती.

“अक्का, मॅच कशी झाली?”

अण्णा म्हणाले, “मी बाजारात गेलो होतो. ही रिक्षा करून ग्राउंडवर.”

“एकदाच,” अक्का म्हणाल्या. “उभी राहून ओरडल्याशिवाय पोरी ऐकत नाहीत ओ.”

“जिंकल्या?”

“नाही.”

मी रागावले नाही. पुन्हा एक्सरे काढला आणि आधीच्या एक्सरेशेजारी लावला. नव्यात कमान किंचित खाली आली होती. थोडीच, पण ती आता परत वर येणार नव्हती, हेही सांगितलं. अक्कांनी दोन्ही फिल्म निरखून पाहिल्या. मग म्हणाल्या, “व्हीलचेअरवरून शिकवता येईल का?”

शाळेच्या प्रिन्सिपलना मी स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, “पीटी टीचर व्हीलचेअरवर? पेरेंट्स काय म्हणतील?”

“आत्ता बसू दिलं नाहीत, तर कदाचित पुढे कायमचं बसावं लागेल,” मी म्हणाले. त्यांनी परवानगी दिली. अक्का ग्राउंडच्या कडेला, झाडाखाली बसून शिकवू लागल्या.

दोन्ही पायांचं तापमान सारखं झालं आणि तसंच टिकलं, तेव्हा प्लास्टर निघालं. पाय थोडा सपाट झालाय. त्या मापाचे खास बूट करून घेतलेत. जखम झाली नाही, ऑपरेशन लागलं नाही. पळणं बंद, चालणं चालू. अण्णा रोज संध्याकाळी त्यांचे तळवे तपासतात. आधी अक्कांना संकोच वाटायचा, आता पेपर वाचत पाय पुढे करतात, असं अण्णांनीच मला सांगितलं.

वेदनेबद्दल तक्रार करणारे पेशंट मला रोज भेटतात. त्यांची मला फार काळजी वाटत नाही, कारण ते येतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अधूनमधून दोन्ही पायांना कुणाचा तरी हात लावून घ्यावा. एक गरम लागला आणि दुखत नसला, तर लगेच डॉक्टरकडे यावं. चालत मात्र येऊ नये.